बाबासाहेबांचा प्रवास आणि व्हिसाची वाट



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत मी काहीतरी लिहावं, असा मंडळाचा आग्रह झाला. मी गिरणीत पाळी करणारा कामगार. शाळा थोडी, वाचन जास्त, आणि तेही पाळी सुटल्यावरचं. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर आजपर्यंत मोठमोठ्या विद्वानांनी ग्रंथ लिहिले. महाडचे चवदार तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार, संविधान, धम्मदीक्षा हे सारं आपल्या घरातल्या लहान पोरांनाही तोंडपाठ आहे. तेव्हा मी वेगळा धागा धरतो. बाबासाहेबांच्या जन्मातले प्रवास आपण पाहू. तिकीट, भाडं, सामान, उतरायला खोली, प्यायला पाणी, परत यायची मुदत, अशा साध्या गोष्टी. प्रवासाला निघालेल्या कोणत्याही माणसाला त्या कराव्या लागतात. पण याच साध्या गोष्टींनी बाबासाहेबांचा जीव किती वेळा टांगणीला लावला, हे कळलं म्हणजे त्यांचं मोठेपण अधिक कळतं.

आधी व्हिसा म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या मायबापांना हा शब्द आता नातवांच्या तोंडून ऐकायला मिळतो. पासपोर्ट आपला देश देतो, आपण कोण याचा दाखला म्हणून. व्हिसा देतो दुसरा देश, आमच्या हद्दीत या म्हणून. पासपोर्ट खिशात असला तरी व्हिसा नसेल तर माणूस दारातच थांबतो. बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास आपल्या आठवणींची काही पाने स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिली. त्या लिखाणाचं नाव मराठीत सांगायचं तर व्हिसाच्या प्रतीक्षेत. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने छापले, आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते आले. नाव वाचून वाटतं, अमेरिकेच्या किंवा इंग्लंडच्या कचेरीसमोर रांगेत उभं राहिल्याची हकिगत असेल. पण आत पाहावं तर मसूरचं रेल्वे स्टेशन, बडोद्याची पारशी खानावळ, चाळीसगावचा टांगा आणि दौलताबादचा किल्ला! परदेशचा प्रवास त्यात फक्त येता-जाता. ज्या मुलखात माणूस जन्मला, त्याच मुलखात त्याला आत येण्याची परवानगी नाही, हे जगाला समजावं म्हणून त्यांनी हे नाव दिलं असावं, असं माझं मत आहे.

पहिला प्रवास : मसूर स्टेशन, १९०१

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाले आणि कुटुंब पुढे सातारला आले. आई भीमाबाई लवकर वारल्या, घर आत्या सांभाळत. सुभेदार खटाव तालुक्यात कोरेगावला (काही चरित्रांत गोरेगाव असं नाव येतं) खजिनदार म्हणून नोकरीला होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकार तिथं तलाव बांधत होतं. १९०१ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावून घेतलं. भीमराव, त्यांचे मोठे बंधू आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची मुले, अशी ही लहान पोरं निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, आगगाडीत बसायची हौस. गावाला निघालेल्या पोरांचा आनंद आपण समजू शकतो.

मसूरला संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडीतून उतरले. वडिलांचा शिपाई घ्यायला येणार होता. तो आलाच नाही. पत्र वडिलांपर्यंत पोचलं नव्हतं, शिपायाच्या हलगर्जीपणामुळं ते राहून गेलं, हे नंतर कळलं. स्टेशनवर गर्दी ओसरली, पोरं सामानापाशी उभी. स्टेशन मास्तरनं कपडे पाहून चांगल्या घरची मुलं समजून चौकशी केली. भीमरावांनी भोळेपणानं आपली जात सांगितली आणि मास्तरचा चेहरा पालटला. तो मागे सरला आणि निघून गेला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण जात कळल्यावर एकही गाडीवान पोरांना न्यायला तयार होईना. अखेर त्याच मास्तरनं तोड काढली. दुप्पट भाडं द्यायचं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवानानं सोबत पायी चालायचं!

बघा, भाडं दुप्पट आणि हाकायचं काम प्रवाशाकडंच! रात्र पडली. सोबत फराळाचा डबा होता, पण पाणी कुठून आणणार? नदीच्या पात्रात जे पाणी होतं ते जनावरांच्या शेणामुतानं घाण झालेलं. मध्यरात्री टोलनाक्यावर पोचले. गाडीवानाच्या सांगण्यावरून आपण मुसलमान आहोत असं सांगून पाहिलं, भीमराव उर्दूत बोललेही, पण नाकेदारानं पाण्याला नकार दिला. अन्न जवळ असून घशाला कोरड म्हणून पोरं तशीच उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास कोरेगावला पोचले तेव्हा वडील चकित झाले. नऊ-दहा वर्षांच्या त्या मुलाच्या मनावर ही रात्र कायमची कोरली गेली. शाळेत वेगळं बसणं, नळाला हात न लावणं याआधीही होतंच. पण पैसा असला, नवे कपडे असले, तोंडात गोड भाषा असली तरी उपयोग नाही, हे त्या रात्री कळलं.

समुद्रापलीकडे, १९१३ ते १९१७

पुढे मुंबईला आल्यावर परळच्या गिरणगावात हे कुटुंब राहिलं. गिरणीचा भोंगा, चाळीची एक-दोन खोल्यांची जागा, रात्री वडिलांनी पोराला अभ्यासाला उठवणं. आम्हा गिरणी कामगारांना ही जागा आपलीच वाटते. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या मदतीनं एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील वारले. त्याच वर्षी ४ जूनला बडोद्यात त्यांनी करारावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि शिक्षण झाल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले.

त्या काळी, म्हणजे पहिल्या महायुद्धाआधी, बहुतेक देशांत जायला आजच्यासारखा पासपोर्ट-व्हिसाचा जाच नव्हता. बोटीचं तिकीट, जवळ थोडे पैसे आणि बंदरावरची तपासणी एवढ्यावर माणूस समुद्र ओलांडत असे. मसूरला बैलगाडी न मिळालेला मुलगा बारा वर्षांनी कोलंबिया विद्यापीठाच्या दारातून सरळ आत गेला. तिथं वसतिगृहात खोली मिळाली, एका टेबलावर जेवण मिळालं, ग्रंथालयात हवं ते पुस्तक हाताला लागलं. नवल भथेना नावाचा पारशी मित्र तिथंच भेटला. हा मित्र पुढं फार उपयोगी पडला, ते पुढं सांगतो.

शिष्यवृत्तीतून काही पैसे घरी रमाबाईंना जात. म्हणून स्वतःच्या पोटाला चिमटा. चैन एकच, जुनी पुस्तकं. न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार पुस्तकं त्यांनी जमवली. १९१५ साली एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवर प्रसिद्ध निबंध वाचला, पुढे प्रबंध सादर केला. मग लंडन. जाताना ती पुस्तकं हिंदुस्थानात पोचवण्यासाठी एका मित्राच्या हवाली केली, त्यातली थोडीच शेवटी हाती आली. लंडनमध्ये ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला नाव घातलं, आणि ११ नोव्हेंबर १९१६ ला बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन येथे.

इथून खरी वाट पाहणं सुरू होतं. अभ्यास अर्ध्यावर असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याच्या दिवाणांकडून परतीचा निरोप आला. आजच्या भाषेत सांगायचं तर मुक्कामाची परवानगी संपली! हातात पैसा नाही. घरी बायको आणि लहान यशवंत. अशा वेळी माणूस कोसळतो. बाबासाहेबांनी काय केलं? प्राध्यापकांकडून लंडन विद्यापीठाची परवानगी मिळवली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल, अशी ती सवलत होती. कागदाचा हा तुकडा त्यांनी जपून ठेवला. मित्रांनो, हा फार मोठा धडा आहे. निघताना त्यांनी परतीची वाट कागदावर पक्की करून घेतली.

त्यावेळी युद्ध पेटलेलं होतं. समुद्रात जर्मन पाणबुड्या बोटी बुडवत होत्या. बाबासाहेब लंडनहून फ्रान्समधून आगगाडीनं मार्सेलिस बंदरापर्यंत आले आणि तिथून कैसर-ए-हिंद बोटीवर चढले. सामान थॉमस कुक कंपनीमार्फत दुसऱ्या बोटीनं रवाना केलं. इकडे मुंबईत बातमी आली की भूमध्य समुद्रात बोट बुडाली. घरात हाहाकार! तारा गेल्या, चौकशी झाली, तेव्हा कळलं की बुडाली ती सामानाची बोट. २१ ऑगस्ट १९१७ रोजी बाबासाहेब सुखरूप मुंबईला उतरले. त्यांची पुस्तकं आणि कागदपत्रं मात्र समुद्राच्या तळाशी गेली. चार वर्षांत पोट मारून जमवलेलं धन एका टोर्पेडोनं नेलं.

कुकचे सहाशे रुपये आणि बडोदा

आता करारानं बांधलेले असल्यामुळं बडोद्याला जायलाच हवं. पण मुंबईहून बडोद्याच्या गाडीभाड्याला पैसे नाहीत! अमेरिका-इंग्लंड शिकून आलेला माणूस, आणि खिसा रिकामा. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीचे सहाशे रुपये हाती आले. त्यातले काही रमाबाईंच्या हातावर ठेवले आणि उरलेल्यांतून बडोद्याचं तिकीट काढलं.

सप्टेंबर १९१७. बडोदा स्टेशनवर उतरले. आता प्रश्न आला, उतरायचं कुठं? हिंदूंच्या खाणावळी बंद. पारशी धर्मशाळा होती, तिथं गेले. रखवालदारानं अंगात सदरा-कस्ती नाही हे ओळखलं. तडजोड झाली, वहीत पारशी नाव लिहायचं आणि रोज दीड रुपया द्यायचा. वर एक लहान खोली, बाकी सगळा मोडक्या सामानानं भरलेला अंधारा हॉल. वीज नाही, रात्री कंदील. बोलायला माणूस नाही. पण डोक्यावर छप्पर तर होतं! दिवसभर अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम. तिथं शिपाईसुद्धा फायली दुरून टाकत. राहायला सरकारी जागा मिळावी म्हणून खटपट चालू होती, पण दाद लागत नव्हती.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघत होते. जिन्यावर पावलं वाजली. डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन वर आले. धर्मशाळा बाटवली म्हणून जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली करा म्हणून बजावून गेले. बाबासाहेबांनी एका हिंदू मित्राला विचारलं, त्यानं नोकर घर सोडून जातील अशी अडचण सांगितली. एका ख्रिस्ती मित्राला विचारलं, त्यानं बायको यायची आहे, तिला विचारून सांगतो म्हणून टाळलं. चार वाजून गेले होते. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास त्यांनी कमाठी बागेत झाडाखाली बसून काढले. कोलंबियाचा एम. ए., लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस, आणि त्या सबंध शहरात त्याला बसायला फक्त सार्वजनिक बाग! तीच आजची सयाजी बाग. त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात आणि २३ सप्टेंबरला तिथं लोक मानवंदनेला जमतात.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. न्यूयॉर्कला खोली मागताना त्यांना जात सांगावी लागली नव्हती. बडोद्यात मात्र महाराजांचा करार खिशात, नोकरीचा हुकूम हातात, तरी खोली नाही. राजा चांगला होता, पण राजाचा हुकूम खानावळीच्या जिन्यापर्यंत पोचत नव्हता. म्हणून पुढे संविधानाच्या १५ व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी, रस्ते अशा जागांची नावं घेऊन तिथं जातीवरून कोणाला अडवता येणार नाही असं लिहिलं गेलं, आणि १७ व्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली. कायद्याचा हुकूम जिन्यापर्यंत का पोचला पाहिजे, हे बाबासाहेबांना पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं.

चार वर्षांची मुदत

आता पुन्हा ती परवानगी आठवा. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षं. घड्याळ चालू झालं होतं. बडोद्याची नोकरी गेली. शिकवण्या केल्या, मिळेल ते काम केलं. ११ नोव्हेंबर १९१८ ला मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. त्या काळात हा मोठा पगार. पण राहणं परळच्या चाळीतच. रमाबाई मोजून खर्च करत आणि उरलेला पैसा लंडनसाठी बाजूला पडत असे. ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक पत्र सुरू झालं, त्याला कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांची मदत झाली. मार्चमध्ये नोकरी सोडली. त्याच महिन्यात माणगाव परिषद झाली. स्वतःची बचत, शाहू महाराजांचा हात आणि न्यूयॉर्कच्या त्याच मित्राचं, नवल भथेनांचं पाच हजार रुपयांचं कर्ज, एवढ्या शिदोरीवर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा बोटीत बसले. मुदत संपायला साधारण सव्वा वर्ष शिल्लक होतं.

बडोद्याच्या पारशी धर्मशाळेनं काठी दाखवली आणि त्याच समाजातल्या मित्रानं पाच हजार काढून दिले. बाबासाहेबांनी दोन्ही गोष्टी लक्षात ठेवल्या. आपणही दोन्ही लक्षात ठेवाव्यात.

लंडनमधले हे दिवस फार ओढाताणीचे. सकाळी चहा आणि एखादा पावाचा तुकडा, मग ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय. उघडताना आत, बंद होताना बाहेर. बसचं भाडं वाचावं म्हणून पायी चालायचं. १९२१-२२ मध्ये ते प्रिमरोज हिल भागात १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत. महाराष्ट्र शासनानं ते घर विकत घेतलं आणि २०१५ पासून तिथं स्मारक आहे. जून १९२१ मध्ये एम. एस्सी. झाले. म्हणजे मुदतीच्या आत! त्याच वर्षी जर्मनीच्या बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी त्यांनी जर्मन भाषेत अर्ज केला आणि तिथं नावही नोंदवलं. तो अभ्यास पुरा झाला नाही, पण एकाच वेळी दोन देशांचे अर्ज, दोन भाषांतली पत्रं, दोन ठिकाणची फी हे सगळं हा माणूस एकटा पाहत होता. आज आपली पोरं कॉम्प्युटरवर अर्ज भरून चार दिवस उत्तर आलं नाही तर बेचैन होतात. तेव्हा पत्र बोटीनं जायचं, बोटीनं यायचं. मुंबईहून लंडनला टपाल पोचायला दोन-तीन आठवडे. घरी लेकरू आजारी पडलं तर बातमी पोचेपर्यंत ते बरं झालेलं असे, नाहीतर गेलेलं असे.

२८ जून १९२२ ला बॅरिस्टर झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो बदलून आणायला सांगितला. इंग्रज राज्यकारभारावर त्यात कडक टीका होती. पैसे संपले होते. प्रबंध घेऊन ते मुंबईला परतले. मुंबईतून दुरुस्त करून पाठवला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये डी. एस्सी. पदवी मिळाली.

या सबंध काळात परळच्या चाळीत आणखी एक जीव वाट पाहत होता. माता रमाई! नवऱ्याच्या बोटीची वाट, पत्राची वाट, पैशाची वाट. पोटची चार लेकरं या माउलीनं गमावली. त्यांच्या नावावर एकही पदवी नाही, पण बाबासाहेबांच्या प्रत्येक पदवीचं अर्धं भाडं रमाईंनी भरलं आहे. २७ मे १९३५ ला त्या गेल्या. परदेशी जाणाऱ्या पोराचा सत्कार करताना घरात राहिलेल्या माणसांना आपण विसरतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

बॅरिस्टर, तरीही टांगा नाही

आता वाटेल, बॅरिस्टर झाले, डॉक्टर झाले, मग तरी वाट मोकळी झाली असेल. १९२९ साली मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. त्या कामासाठी खानदेशात गेले असता चाळीसगावच्या आपल्या लोकांनी त्यांना मुक्कामाला ठेवून घेतलं. स्टेशनवर बराच वेळ ताटकळत बसावं लागलं. कारण काय, तर एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार होईना. पाहुण्याला पायी न्यायचं आपल्या लोकांना बरं वाटेना. शेवटी टांगा भाड्यानं घेतला आणि हाकायला आपलाच एक माणूस बसला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक दगडात अडकलं, टांगा उलटला, घोडा आणि टांगा खाली नदीत, आणि बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले. पायाचं हाड मोडलं, कित्येक दिवस अंथरुणावर काढावे लागले. मसूरला १९०१ साली जी अट होती, गाडी तुमची तुम्ही हाका, तीच अट अठ्ठावीस वर्षांनी सरकारी समितीच्या सभासदाला!

पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९३० रोजी, हेच बाबासाहेब व्हाइसरॉय ऑफ इंडिया बोटीनं गोलमेज परिषदेला निघाले. लंडनमध्ये राजे-महाराजांच्या रांगेत बसले. १४ ऑगस्ट १९३१ ला, दुसऱ्या परिषदेला निघण्याच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या मणिभवनात गांधीजींची भेट झाली. जिथं आम्हाला कुत्र्या-मांजरापेक्षा वाईट वागवतात, प्यायला पाणी मिळत नाही, तो देश मी आपला कसा समजू, अशा अर्थाचं त्यांनी तोंडावर सांगितलं. हे बोल रागाचे म्हणून काहींनी नावं ठेवली. पण मसूर, बडोदा, चाळीसगाव ज्यानं वाचलं, त्याला त्यात नुसता राग दिसणार नाही.

१९३४ मध्ये चळवळीतले तीसेक कार्यकर्ते घेऊन ते वेरूळची लेणी पाहायला गेले. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाची धूळ अंगावर, म्हणून काहींनी दारापाशी असलेल्या हौदातल्या पाण्यानं हातपाय धुतले. तेवढ्यावरून गलका झाला. रमजानचा महिना होता, मुसलमान वस्तीतले लोक धावून आले. पाण्याला कुठंही हात लावायचा नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, किल्ला पाहू दिला. बाबासाहेबांनी लिहून ठेवलं ते यासाठी, की हा रोग एका धर्माच्या घरात राहिलेला नव्हता, साऱ्या देशाच्या पाण्यात मिसळला होता.

शेवटचे प्रवास

ज्याला आपल्याच देशात आत यायची परवानगी मागावी लागली, त्यानंच पुढे या देशाच्या संविधानाच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. २६ जानेवारी १९५० पासून ते संविधान लागू झालं. मे १९५० मध्ये ते बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले. ५ जून १९५२ रोजी त्याच कोलंबिया विद्यापीठानं त्यांना बोलावून एलएल. डी. ही सन्माननीय पदवी दिली. डिसेंबर १९५४ मध्ये ते ब्रह्मदेशात रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. आपल्या भागातले कितीतरी लोक तेव्हा मिळेल त्या गाडीनं, बैलगाडीनं, पायी नागपूरला गेले होते. ज्यांच्या घरात ते म्हातारे होऊन गेले, त्या घरांना हे सांगायला नको. नोव्हेंबरमध्ये काठमांडूला परिषद झाली. प्रकृती पार ढासळलेली, तरी गेले. तो त्यांचा शेवटचा परदेश प्रवास. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत महापरिनिर्वाण झालं.

आपल्यासाठी काय?

आज आपल्या वाशीम जिल्ह्यातली, रिसोड-मालेगावची, मंगरूळपीर-मानोरा-कारंजाची पोरं-पोरी परदेशी शिकायची स्वप्नं पाहतात. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती त्यासाठी आहे. वर्षाला राज्यभरातून ७५ जागा. त्यासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, पासपोर्ट, आणि मग व्हिसा. कुठं एका कागदावर नावाचं स्पेलिंग वेगळं, कुठं दाखल्याची मुदत संपलेली. आई-बाप मजुरीला, कचेरीची भाषा कळत नाही. पोरगं हुशार असूनही एका कागदासाठी वर्ष वाया जातं. गिरणीत एक धागा तुटला की सबंध कापडात खोट राहते, तसंच हे.

म्हणून माझी नम्र सूचना अशी आहे. विहारात दर रविवारी वंदना झाल्यावर एक तास कागदपत्रांसाठी ठेवावा. ज्यांना नोकरीमुळं कचेरीचं काम कळतं त्यांनी बसावं. दहावीच्या पोरापासून सगळ्यांचे दाखले, नावं, तारखा तपासून द्याव्यात. पासपोर्ट गरजेच्या वेळी धावपळ करून काढण्यापेक्षा आधीच काढावा. विहाराच्या कपाटात बाबासाहेबांची ती छोटी पुस्तिका मराठीत असावी आणि वर्षावासात एक दिवस तिचं वाचन व्हावं. वस्तीत जो शिकून मोठा झाला, त्यानं नवल भथेनांसारखं एका तरी पोराच्या भाड्याला हात लावावा. मोठी रक्कम नसली तरी चालेल, अर्जाची फी भरली तरी एका घराचा भार कमी होतो.

आणखी एक. आज आपल्याला हॉटेलात पाणी मिळतं, एस. टी. त शेजारी कोणीही बसतं, म्हणून सगळं संपलं असं समजू नये. शहरात भाड्यानं खोली मागायला गेलं की आडनाव विचारणारे अजून आहेत. माझ्या ओळखीच्या पोरांना हा अनुभव आला आहे. नाव सांगितल्यावर कालपर्यंत रिकामी असलेली खोली आज भरलेली असते. बडोद्याच्या धर्मशाळेत वहीत दुसऱ्याचं नाव लिहावं लागलं होतं. आपल्या पोरांनी मात्र आपलं खरं नाव मान वर करून सांगावं, आणि खोली नाकारली तर गप्प न बसता चार माणसांना घेऊन जाब विचारावा. बाबासाहेबांनी ती पाने लिहून ठेवली, ती आपण विसरू नये म्हणून. त्यांनी वाट पाहिली, पण वाट पाहता पाहता ते हातावर हात धरून बसले नाहीत. मुदत लिहून घेतली, पैसा जोडला, अभ्यास पुरा केला आणि शेवटी सगळ्यांसाठी दार उघडणारा कायदा लिहिण्यात पुढाकार घेतला.

विहाराच्या वर्धापन दिनाला माझ्या हार्दिक मंगलकामना. सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!